थांबली की बंद

कळंबच्या चौकात गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मला वाटलं, माझाच क्लच चुकला. पुण्यात मी स्कूटर चालवते, चारचाकीची सवय सुटलेली. मागच्या सीटवर बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांना अकरापर्यंत सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. पुढे देवळीत म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबले, पुन्हा बंद. वर्ध्यात शिरताना सिग्नलला परत तेच, आणि या वेळी मागे सिमेंटचा ट्रक. तो हॉर्न वाजवत नव्हता, नुसता हळूहळू जवळ येत होता.

"रेस सोडू नको," बाबा मागून म्हणाले. ऑपरेशननंतर ते एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले.

परतीचा सत्तरेक किलोमीटरचा रस्ता मी तसाच आणला. थांबायची वेळ आली की गिअर काढायचा, पावलाचा पुढचा भाग ब्रेकवर, टाच वाकडी करून रेसवर. घरी आले तेव्हा पोटरीत गोळा आला होता. गंमत अशी की, पळताना गाडीला काहीही होत नव्हतं. साठच्या वेगात ती सुतासारखी सरळ चालायची. थांबली की थरथरायची, दोनदा खोकायची आणि मरायची.

गाडी १९९७ची मारुती ८००. एमएच २९, म्हणजे आमच्या यवतमाळचीच. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांनी ती २००४मध्ये सेकंडहँड घेतली. आमच्या गल्लीतली ती तिसरी चारचाकी. बाबांच्या आजारपणात ती टिनाच्या शेडखाली दीडेक वर्ष उभी होती. मीच अधूनमधून फोनवर विचारायचे, "गाडी सुरू करता ना?" आई "हो" म्हणायची. कोणी करत नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा सेवाग्रामला जायचं होतं. भाड्याची गाडी करू म्हटलं तर बाबा काही बोलले नाहीत, फक्त शेडकडे पाहत राहिले. मग मला गॅरेज गाठावं लागलं. गाडीत काय बिघडलंय हे कळायला मला इंजिनाच्या इतिहासातून सव्वाशेहून जास्त वर्षं फिरून यावं लागलं, ते इथे सांगतेय.

आर्णी रोडला एक चाचा आहेत. त्यांचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, एक खड्डा आणि चार डबे. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी खुर्ची दिली.

"कधी बंद पडते ते सांग, बेटी. कशी बंद पडते ते मी पाह्यतो."

सकाळी थंड असताना, की तापल्यावर? ब्रेक दाबला की लगेच, की नुसती रेस सोडली तरी? एसी लावल्यावर? पाऊस पडला तेव्हा? लगेच सुरू होते की थोडा वेळ थांबावं लागतं? पेट्रोल भरल्यावर सुरू झालं का हे? बाबांच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी याच पद्धतीनं विचारलं होतं: दुखतं कधी, जेवणाआधी की नंतर.

यातला प्रत्येक प्रश्न वेगळ्या बिघाडाकडे बोट दाखवतो, हे मला नंतर समजलं. फक्त थंड असताना बंद पडत असेल तर चोक पाहायचा. ब्रेकवर पाय ठेवताच इंजिनाचा आवाज बदलत असेल तर ब्रेकच्या बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो, कारण तो बूस्टर इंजिनाच्याच ओढीवर चालतो. पावसातच होत असेल तर प्लगच्या वायरी. तापून बंद पडत असेल आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होत असेल तर पेट्रोलच्या नळीतली वाफ. आणि गाडी वणीकडून आलेली असेल तर चाचा काही न विचारता आधी एअर फिल्टर उघडतात. कोळशाच्या ट्रकांच्या मागून चाललेल्या गाडीचं फिल्टर काळं ठिक्कर असतं.

माझं उत्तर होतं: थंड असो की गरम, रेस सोडली की बंद. चाचांनी मान हलवली. "म्हणजे तिले उभं राहता येऊन नाही रायलं."

इंजिनाचं उभं राहणं ही साधी गोष्ट नाही. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण आठ-नऊशे फेरे घेतं. आठशेच धरले तरी तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला वीस ठिणग्या पडतात. या वीस ठिणग्यांना मिळणारं पेट्रोल अगदी थेंबभर. तुमचा पाय रेसवर असतो तेव्हा हवेच्या वाटेतली गोल झडप उघडी असते, हवा जोरात आत जाते आणि जाता जाता मोठ्या जेटमधून पेट्रोल खेचून नेते. पाय काढला की झडप जवळजवळ मिटते. हवेचा जोर गेला, मोठं जेट मुकं झालं. म्हणून कार्बोरेटरमध्ये झडपेच्या पलीकडे एक वेगळी बारीक वाट काढलेली असते, तिचं स्वतःचं जेट असतं. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. त्यात धुळीचा एक कण बसला तरी पुरे. रस्त्यावर पळताना मोठी वाट सगळं झाकून नेते. खरी परीक्षा थांबल्यावर होते.

जगातल्या पहिल्या लांब मोटारप्रवासातला एक बिघाडही असाच एका बारीक भोकाचा होता. ऑगस्ट १८८८मध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली तीनचाकी घेऊन निघाली. सोबत १५ आणि १३ वर्षांची दोन मुलं. मानहाइमहून माहेरच्या गावी, फोर्टस्हाइमला, शंभरेक किलोमीटर. वाटेत पेट्रोल पंप असण्याचा प्रश्नच नव्हता, इंधन म्हणून तिनं वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव्य विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या वायरीचं आवरण झिजलं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन आणि ठिणगी. चाचा आजही याच दोन गोष्टी आधी तपासतात, फक्त त्यांच्या हातात टोपीची पिन नसते, गिटारची जुनी तार असते. गिटार कोणाची, ते मी विचारलं नाही.

बेंझच्या त्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि वाफ घेऊन पुढे जायची. भरवशाचं काम नव्हतं ते. १८९३मध्ये विल्हेल्म मायबाखनं बारीक तोटीतून इंधनाचा फवारा हवेत सोडणारा कार्बोरेटर केला. एक छोटी टाकी, तिच्यात पातळी राखणारा तरंगता फ्लोट, आणि एक तोटी. आमच्या संडासाच्या फ्लशमध्ये जो गोळा असतो, तत्त्व तेच. पुढची शंभर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या या मांडणीवर चालल्या, आमची ८००सुद्धा.

आपल्याकडे ही वस्तू कशी रुजली याची गोष्ट सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांशिवाय पुरी होत नाही. १९३९मध्ये ते अमेरिकेला गेले, फोर्डशी बोलले, जमलं नाही. क्रायस्लरशी जमलं. १९४४मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, १९५४पासून फियाट ११०० आली. तीच १०८९ सीसीची गाडी नावं बदलत बदलत सत्तरच्या दशकात प्रीमिअर पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत टिकली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती ३० ऑक्टोबर २०२३ला. तुमच्यापैकी काहींनी तिच्यासोबत सेल्फीही काढला असेल.

बाबा लहानपणी घाटंजीला होते. तिथल्या एका डॉक्टरांकडे फियाट होती आणि उन्हाळ्यात ती हमखास रस्त्यात उभी राहायची. पोरं पाणी घेऊन धावायची. पाणी रेडिएटरसाठी असतं असं बाबांना वाटायचं. पण डॉक्टर एक फडका ओला करून इंजिनाच्या बाजूच्या एका गोल डबीवर टाकायचे आणि झाडाखाली बसून राहायचे. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू.

मी हे चाचांना सांगितलं तर ते खूष झाले. ती डबी म्हणजे पेट्रोलचा पंप. जुन्या गाड्यांत तो इंजिनालाच चिकटवलेला असायचा. पेट्रोलमधले हलके भाग चाळीस अंशांच्या आतच उकळू लागतात, आणि विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतला पाराच पंचेचाळीसला टेकतो. गाडी पळत असते तोवर वारा लागतो, ताजं पेट्रोल वाहत असतं. फाटकावर पाच मिनिटं थांबली की वारा बंद, इंजिनाची धग वर, नळीत पेट्रोलची वाफ. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. गाडी मेली. ओला फडका म्हणजे त्यावर घातलेली थंड पट्टी. युरोपातल्या हवेसाठी आखलेली गाडी घाटंजीच्या उन्हात कशी चालवायची, हे कंपनीच्या पुस्तकात नव्हतं, ते असंच ठिकठिकाणी शोधलं गेलं. अशा शोधांची नोंद कोणी ठेवत नाही. फडका कोणी आधी टाकला, कोण जाणे.

चाचांनी सगळं काम पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरवर शिकलं. अ‍ॅम्बेसेडर बहुतेक साहेबांच्या. "साहेबाची गाडी चौकात बंद पडली की आधी ड्रायव्हर शिव्या खाये, मग मी," असं ते सांगतात. मग ८०० आली. १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मालकाला किल्ली मिळाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबलं तोवर देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. मिस्त्रींना सुरुवातीला ती आवडली नाही, कारण बिघडतच नव्हती. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन चांगल्या तब्येतीतही उभं असताना थोडं थरथरतंच. चार सिलिंडरचा कान घेऊन आलेल्या मिस्त्रीला ती आजारी वाटायची.

आता बॉनेट उघडलं. चाचांनी पक्कड घेऊन चालू इंजिनाच्या प्लगच्या टोप्या एकेक करून क्षणभर काढल्या आणि परत लावल्या. टोपी काढली की इंजिन अडखळायला हवं. अडखळलं नाही, तर तो सिलिंडर आधीच मेलेला. आमचे तिन्ही जिवंत निघाले. मला हात लावू दिला नाही. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात आणि चाचांच्या एका पोऱ्यानं एकदा त्याचा अनुभव घेतलाय. प्लग काढून पाहिले. माझ्या मते ते स्वच्छ होते. चाचांच्या मते जरा जास्तच पांढरे.

प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओली तेलकट म्हणजे इंजिन तेल पितंय. तपकिरी म्हणजे ठीक. पांढरट म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि एक प्लग असा असतो, चाचा म्हणाले, जो पूर्वी रोज दिसायचा आणि आता क्वचित दिसतो.

मग त्यांनी रॉकेलचं सांगितलं.

तुम्ही विशीत असाल तर रेशनचं निळं रॉकेल तुम्ही कदाचित पाहिलंही नसेल. माझ्या लहानपणी ते पिंपात यायचं, त्यासाठी रांग लागायची. गरिबाच्या चुलीसाठी म्हणून ते स्वस्त ठेवलं होतं, आणि चोरी ओळखू यावी म्हणून त्यात निळा रंग. पण एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या भावात मिळणारं रॉकेल असलं की मधे एक बाजार उभा राहतोच. रंग काढून टाकता येतो. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, त्याची वाफ सहज होत नाही, दाबाखाली ते ठिणगीची वाट न पाहता पेटतं. अशी गाडी चढावर खडखडते, प्लगवर काजळी धरते आणि थांबल्यावर धुसफुसत बंद पडते. मालकाला वाटतं इंजिन गेलं. मिस्त्री कार्बोरेटर साफ करतो, पैसे घेतो, आठ दिवसांनी गाडी परत. "आम्ही रोगी बदलून बदलून औषध देऊन रायलो होतो, अन् रोग टाकीत होता."

टंचाईच्या काळात इंधन बदलणं नवं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१मध्ये, पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा देशभर मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लावून त्यांच्या गॅसवर गाड्या ओढल्या गेल्या. पण तिथे मालकाला माहीत असायचं की आपण काय जाळतोय. भेसळीत ते माहीत नसतं, सगळा फरक एवढाच.

सरकारनं उपाय केले नाहीत असं नाही. २००६मध्ये रॉकेलमध्ये सहज न काढता येणारं एक रसायन, मार्कर, घालायला सुरुवात झाली. दोनेक वर्षांत ते बंदही झालं. आणि मग २५ जानेवारी २०११. मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, टँकरांची रीघ असते. मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तिथून जात असताना त्यांना इंधनाची चोरी चाललेली दिसली. ते थांबले, मोबाइलवर चित्रण करू लागले. टोळीनं त्यांच्यावर इंधन ओतून त्यांना जिवंत जाळलं. दिवसाढवळ्या. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

त्यानंतर राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, ठिकठिकाणी छापे पडले. बाबा तेव्हा नोकरीत होते. त्यांच्या शाळेतल्या त्या २६ जानेवारीची मला आठवण आहे, मी तेव्हा सातवीत होते. झेंडावंदन झालं, आणि शिक्षक खोलीत बसून हळू आवाजात बोलत होते. मला फक्त "पेट्रोल" हा शब्द ऐकू येत होता.

त्याआधी, १९ नोव्हेंबर २००५ला, उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला होता, तोही भेसळ पकडली म्हणून. चौकात धुसफुसणाऱ्या एका गाडीची कारणं शोधत मागे गेलं तर वाटेत ही दोन माणसं भेटतात. कार्बोरेटरवरच्या कुठल्याही पुस्तकात ती नसतात. मला वाटतं असायला हवीत.

चाचांनी आमच्या टाकीतल्या पेट्रोलचा थेंब गाळणीच्या कागदावर टाकला. शुद्ध असेल तर उडून जातं, डाग राहत नाही. हा कागद पंपावर मागायचा तुम्हाला हक्क आहे, घनताही मोजून मागता येते. १५ अंशांना ती ७२० ते ७७५च्या मधे बसायला हवी, आणि त्या दिवशीच्या नोंदीशी जुळायला हवी. मी आयुष्यात एकदाही मागितलेला नाही. मागे रांग असते, लाज वाटते. आमचा थेंब डाग न ठेवता उडाला.

"मग इथे नाही," चाचा म्हणाले, आणि चोकची दांडी थोडी ओढली.

गाडी एकदम शांत झाली. थरथर गेली. दांडी आत ढकलली, पुन्हा खोकायला लागली. ओढली, शांत. मी तोंड उघडून पाहत होते. चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्यानं तब्येत सुधारत असेल तर दोनच शक्यता: एक तर पेट्रोल कमी येतंय, नाहीतर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. पांढरे प्लग तेच सांगत होते.

चोरट्या हवेसाठी त्यांनी रबरी पाइपचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या सांध्यांवरून फिरवू लागले. १८१६मध्ये पॅरिसला रेने लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप सुरू झाला. चाचांना हे माहीत नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं. एका बारक्या नळीपाशी ते थांबले. मला कान लावायला दिला. बारीक, सापासारखा फुसकारा.

नळी करंगळीएवढी जाड. रबर वाळून कडक झालेलं, टोकाशी चीर. झडप मिटलेली असताना इंजिन आतून जोरात ओढत असतं, तेव्हा ही एवढी चीरही पुष्कळ. ती हवा कार्बोरेटरला न विचारता आत येते, तिच्या वाट्याचं पेट्रोल कोणी देत नाही. पळताना एवढ्या हवेत ती मुठभर हवा कोणाला जाणवत नाही. चाचांनी चिमटीनं नळी दाबून धरली, इंजिन बरंच सुधारलं. पण पूर्ण नाही.

"अजून एक आहे," ते म्हणाले, आणि कार्बोरेटर उतरवायला घेतला.

इथे मला कबूल करायला हवं की, मी घरून निघताना फोनला जोडायचं एक छोटं यंत्र मैत्रिणीकडून आणलं होतं. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात ते खोचलं की गाडी स्वतःच आपला आजार आकड्यांत सांगते: पी-०३०० म्हणजे ठिणगी चुकतेय, पी-०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी-०५०५ म्हणजे उभं राहण्याची यंत्रणा बिघडली. मी खाच शोधत होते आणि चाचांचा पोऱ्या हसू दाबत होता. आमच्या गाडीत सांगणारं कोणी नव्हतंच.

ती खाच यायला कारण दिल्लीची हवा. २९ एप्रिल १९९९ला सर्वोच्च न्यायालयानं राजधानी क्षेत्रात नव्या गाड्यांना १ जूनपासून युरो-१ आणि १ एप्रिल २०००पासून युरो-२ बंधनकारक केलं. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. एवढं काटेकोर मिश्रण कार्बोरेटरच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याच सुमारास ८००मध्येही संगणकानं मोजून पेट्रोल फवारणारं इंजिन आलं. धुराड्यातल्या प्राणवायूवरून हा संगणक मिश्रण सुधारत राहतो. २०१०पासून गाडीनं आपले बिघाड स्वतः ओळखायचे आणि २०१३पासून ते आणखी सविस्तर, असे नियम झाले. चाचांच्या वयाचे पुष्कळ मिस्त्री या वळणावर थांबले. कोणी दुचाकीकडे गेलं, कोणी पंक्चरकडे. चाचांनी स्कॅनर घेतलाय, एका डब्यात आहे. पण स्कॅनरसुद्धा "पेट्रोल कमी" एवढंच सांगतो, चीर कुठे आहे ते नाही. त्यासाठी पाइपचा तुकडा कानाला लावावाच लागतो.

कार्बोरेटर उघडला. फ्लोटच्या छोट्या टाकीच्या तळाशी पांढरट भुकटी आणि त्यावर चिकट पिवळा थर. पोऱ्यानं बोट फिरवून वास घेतला. "दारू," तो म्हणाला.

तसं म्हटलं तर बरोबरच होतं. इथेनॉल. जानेवारी २००३मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. ते रडतखडत चाललं. जून २०२२मध्ये देशभर सरासरी दहा टक्के झालं आणि २०२५मध्ये वीस. उसाची मळी, उसाचा रस, तांदूळ, मका यांपासून ते बनतं. उसाच्या शेतकऱ्याचे पैसे लवकर निघावेत आणि आयात तेल कमी लागावं, ही दोन्ही कारणं खरी आहेत, त्याला उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. आमच्या जिल्ह्यात ऊस पैनगंगेकाठी, उमरखेड-पोफाळीकडे. बाकी सगळा कापूस, आणि कापसापासून कोणी पेट्रोल काढत नाही.

पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत त्याचं काही वाटत नाही. दीड वर्ष शेडखाली उभ्या गाडीत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकटा होतो, पाणी धरलेलं मिश्रण आतल्या धातूला खातं आणि त्याची पांढरी भुकटी होते. जुनं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. आणखी एक बारीक गोष्ट. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या अंगातच प्राणवायू असतो. संगणकवाली गाडी हे ओळखून फवारा वाढवते. १९९७चा कार्बोरेटर १४.७च्या हिशेबानं पेट्रोल देत राहतो. म्हणजे नळीला चीर नसती तरी आमची गाडी थोडी उपाशीच चालली असती.

हा दोष इथेनॉलचा की गाडी उभी ठेवणाऱ्यांचा? दुसरंच, असं माझं मत. फोनवर "हो" ऐकून समाधान मानणारी मी त्यात पहिली.

चाचांनी बारीक जेट काढून उजेडाकडे धरलं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. गिटारच्या तारेनं नाही, आधी द्रावणात बुडवून आणि मग हवा मारून मोकळं केलं. तार जोरात घातली तर भोक मोठं होतं आणि मग जन्मभर पेट्रोल जास्त. पुन्हा उजेडाकडे धरलं, या वेळी माझ्या हातात दिलं. सुईच्या टोकाएवढं आकाश दिसलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, फिल्टर बदललं, नळी नवी घातली. मग इंजिन तापवून मिश्रणाचा स्क्रू अर्धा आटा आत, पाव बाहेर, कान इंजिनाकडे, डोळे बंद. मी आठवणीनं विचारलं, किती फेरे ठेवले? ते म्हणाले, "ग्लासभर पाणी ठेव वर, सांडलं नाही पायजे."

पाण्याचं भांडं ठेवलं. पृष्ठभागावर बारीक वर्तुळं उठली. तीन सिलिंडर आहेत, तेवढं चालायचंच.

पैसे विचारले तर नळीचे, फिल्टरचे आणि "गुरुजींच्या गाडीचं काय घ्यायचं" म्हणून अर्धी मजुरी. चाचांचा धाकटा मुलगा बाबांच्या वर्गात होता, हे मला तेव्हा कळलं. "आठवड्यातून एक खेप चालवत जा म्हणा तिले. गोदनीपर्यंत तरी."

ठरलेल्या दिवशी सकाळी सातला निघालो. बाबा या वेळी पुढे बसले, पट्टा लावायला मी मदत केली. कळंबच्या चौकात भाजीचा हातगाडा आडवा आला. मी ब्रेक लावला, गिअर काढला आणि उजवा पाय दोन्हीवरून उचलून बाजूला ठेवला. गाडी उभी होती. हातगाडा सावकाश गेला, मागून दोन शाळकरी मुली सायकलवरून गेल्या.

बाबांनी मान जराशी कलती केली.

"स्लो थोडा जास्त ठेवलाय त्यानं," ते म्हणाले. "येताना सांग कमी करायला."